परत न्यायचं पाणी

आपण प्यालेलं पाणीसुद्धा आपल्या मालकीचं नसतं, असं मनापासून मानणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला; आणि त्याच्याइतकी तहान दुसऱ्या कोणाला लागलेलीही मी पाहिली नाही. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचे आणि मग दोषी चेहऱ्यानं तांब्याकडे पाहत बसायचे. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसायचं बसायचं म्हणता मला इतके दिवस लागले. मी मुळातच सावकाश माणूस. त्यांच्या बाबतीत तर फारच सावकाश ठरलो, पण ते पुढे सांगतो.

धुळे–अमळनेर रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत आम्ही दोघं बारा वर्षं बरोबर होतो. मी मराठी शिकवायचो आणि दीड कपाटाच्या वाचनालयाचा कारभार पाहायचो. ते पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवायचे. गावात त्यांचं नाव कोणी घेत नसे. मुलांचे ते ‘पाणीवाले सर’, हेडमास्तर नानांचे ‘शेठ’. शेठ म्हणायचं कारण म्हणजे धुळ्याला त्यांच्या घरचं कापडाचं दुकान होतं. मारवाडी जैन कुटुंब, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. दुकानात बसायचं सोडून हा मुलगा खेड्यात मास्तरकी करतो, याचं दुःख त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत होतं. आईला मात्र नव्हतं, कारण त्यांचं सगळं विज्ञान आईच्याच मोरीत सुरू झालं होतं. आई दुहेरी कापडातून पाणी गाळायची, कापडावर राहिलेले बारीक जीव त्याच पाण्यानं विसळून लोट्यात घ्यायची, आणि तो लोटा ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत सोडायला लेकाला पाठवायची. दुसऱ्या विहिरीत सोडलेलं चालायचं नाही. जीवाचं घर बदलतं. मुलगा मोठा झाला, बी.एस्सी. झाला, आणि त्यानं आईचा नियम एवढाच वाढवला, की घर काही फक्त जीवांनाच नसतं, पाण्यालाही असतं.

या एका समजुतीचे परिणाम गावानं बारा वर्षं भोगले. कोणाकडे चहाला गेले आणि पेल्यात घोटभर पाणी उरलं, की ते कुठल्या विहिरीचं याची चौकशी सुरू. एकदा नानांच्या पत्नी म्हणाल्या, “तुळशीला घालते हो, द्या इकडे.” तर यांनी विचारलं, “पण वहिनी, तुळशीला रोज कुठलं घालता?” त्यावर वहिनी म्हणाल्या, “शेठ, पाणी प्या नाहीतर ठेवा. त्याची सोयरीक जुळवायची नाहीये मला.” त्यानंतर त्या घरी त्यांना पेला अर्धाच मिळू लागला, आणि हे त्यांना फार पसंत पडलं. “वहिनींना पटलं, पंडितजी,” असं त्यांनी मला आनंदानं सांगितलं. मी पुस्तकं वाचायचो म्हणून मी पंडितजी.

स्वतःची आंघोळ दीड लोट्याची. तीही पपईच्या रोपांच्या वाफ्यात उभं राहून. शाळेचा माठ पाझरायचा, तर त्याच्याखाली वाटी, वाटी भरली की ती पुन्हा माठात, आणि या कामावर आठवड्याला एक विद्यार्थी. छपरावरचं पाणी वाया जातं म्हणून घासलेटच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून त्यांनी पन्हळ केली आणि ती शाळेच्या विहिरीत सोडली. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर काढून द्यायचं, छप्पर धुऊन निघालं की मगच विहिरीत. त्या दोन पावसांत सर शिडीवर उभे, डोक्यावर पोतं, आणि खाली नाना ओरडताहेत, “शेठ, उतरा! तुम्ही वाहून गेलात तर तुम्हाला कुठल्या विहिरीत परत सोडायचं?”

दर शनिवारी ते धुळ्याला बायकामुलांकडे जात आणि सोमवारी परतताना औषधाच्या रिकाम्या बाटल्यांतून घरच्या विहिरीचं पाणी मुलांना दाखवायला आणत. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. पुढच्या शनिवारी तीच बाटली परत. एकदा कंडक्टरला संशय आला. त्यानं बूच काढून वास घेतला.

“काय शे हाई?”

“धुळ्याचं पाणी. परत नेतोय.”

“परत? मंग लयनात काबरं?”

“दाखवायला.”

कंडक्टरनं सगळ्या बसकडे वळून पाहिलं आणि बाटली दोन्ही हातांनी, जपून, त्यांच्या मांडीवर ठेवली. वेड्या माणसाशी वाद घालू नये एवढं शहाणपण एसटीत असायचं.

मी त्यांची थट्टा एकदाच केली. मे महिना होता, दोघं घामानं निथळत होतो. मी म्हटलं, “सर, हे धुळ्याचं पाणी इथं जिरतंय, त्याचं काय करणार?” दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “पंडितजी, घामाचं मला जमत नाही.” आणि इतक्या खऱ्या दुःखानं म्हणाले, की मला हसता आलं नाही.

जलचक्राचा धडा हा त्यांचा सणच. धडा पुस्तकात दीड पानाचा, पण यांच्याकडे तो चार दिवस चाले. मुलांनी आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणायचं. शाळेची सोडून गावात सात विहिरी होत्या, म्हणून सात बाटल्या. स्टोव्हवर पातेलं, पातेल्यावर पितळी ताट, ताटात गार पाणी. खालून वाफ, ताटाच्या बुडाला थेंब. “हा समुद्र, ही वाफ, हे ताट म्हणजे आभाळ,” असं सांगताना त्यांचा चष्मा धुक्यानं भरे आणि मुलांना समुद्र, आभाळ आणि सर एकदमच दिसेनासे होत. सातही पाण्यांचा प्रयोग वेगवेगळा करायचा, मधे पातेलं पुसून कोरडं करायचं, आणि शेवटी उरलेल्या पाण्याची वरात ज्याच्या त्याच्या विहिरीकडे.

अशाच एका वर्षी खालच्या वस्तीतली मंजुळा नावाची मुलगी बाटली घेऊन आली. त्या वस्तीची विहीर खारी होती. त्यांना दुसऱ्या विहिरीवर जाता येत नसे, हे मी वेगळं सांगायला नको. तिचं पाणी उकळलं, पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ उमटली. सरांनी ताट उलटं करून तिच्यापुढे धरलं. तिनं बोटानं एक थेंब उचलून जिभेवर ठेवला आणि ती थबकली.

“सर, मीठ ते खाले ऱ्हायनं,” ती म्हणाली. “मंग हाई गोड पानी कोन्ती हीरनं?”

सरांनी ताट आपल्याकडे वळवून थेंब पाहिले. मग म्हणाले, “उद्या सांगतो.” दुसऱ्या दिवशीही “उद्या”च म्हणाले. संध्याकाळी येऊन त्यांनी माझं दीड कपाट धुंडाळलं. मी विचारलं, काय हवंय? “पाण्याचं घर कुठलं, असं काही आहे का तुमच्याकडे?” तसं काही माझ्याकडे नव्हतं. मंजुळाची उरलेली अर्धी बाटली त्या वर्षी परत गेली नाही. उत्तर दिल्याशिवाय ती परत न्यायची लाज वाटते, म्हणाले, आणि खोलीच्या खिडकीत ठेवून दिली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. खारी विहीर आधी आटली. एकेक करून वरच्याही तळाला गेल्या. शाळेच्या विहिरीत मात्र, त्या पन्हळीच्या कृपेनं असेल, पुरुषभर पाणी राहिलं. खालच्या वस्तीतल्या बायका शाळा सुटल्यावर तिथून पाणी नेऊ लागल्या. सरांनीच त्यांना बोलावलं होतं. आठ दिवसांत सरपंच आबांनी शाळेच्या ओसरीवर बैठक घेतली. विहिरीवर लोखंडी जाळी होती, तिला घालायला नवं कुलूप त्यांनी बरोबरच आणलं होतं. आबा माणूस वाईट नव्हते. त्यांची स्वतःची विहीर तळाला गेली होती आणि ते घाबरले होते.

सर म्हणाले, “आबा, कुलूप लावू नका. त्या बायका जातील कुठं?”

आबांनी शांतपणे कुलूप बाजेवर ठेवलं. “मास्तर, तुम्हीच शिकाडतस ना पोरेसले, ज्या हीरनं पानी त्याच हीरमा? बारा वरीस आम्ही आयकी ऱ्हायनूत. मंग आते काय व्हयनं? तेस्नी हीर तेस्ले, आम्हनी आम्हले.”

लोक हसले. मी सरांकडे पाहिलं. बारा वर्षं ज्या गोष्टीपायी त्यांनी सगळ्यांची थट्टा सोसली, तीच आज त्यांच्या गळ्यात आली होती. ते उठून गेले. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं ते स्टोव्ह, पातेलं आणि ताट घेऊन परत आले. मागे मुलं, हातात बाटल्या. सहा विहिरींच्या तळचं गढूळ पाणी, आणि सातवी खिडकीतली, मंजुळाची. जी विहीर आटली होती तिचं तेवढंच पाणी आता जगात उरलं होतं.

त्यांनी एकेक बाटली पातेल्यात रिकामी केली. दोन विहिरींचं पाणी एकत्र करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटची बाटली ओतायच्या आधी त्यांनी मंजुळाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. पाणी उकळलं, ताटाला थेंब धरले. ते ताट उलटं करून त्यांनी आबांपुढे धरलं.

“आबा, यातला तुमच्या विहिरीचा थेंब तेवढा दाखवा. तेवढ्याला कुलूप लावू.”

आबा वाकून बराच वेळ ताटाकडे पाहत राहिले. त्यांनी बोट पुढे केलं आणि झटकन मागे घेतलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “ताट तपेल शे.”

एवढंच. धोतर सावरत ते उठले आणि गेले. कुलूप बाजेवरच राहिलं. ते न्यायला कोणी आलं नाही. पुढे ते माझ्या वाचनालयाच्या कपाटाला लागलं, आणि दुष्काळ सरेपर्यंत विहिरीवरची जाळी उघडीच राहिली.

लोक पांगल्यावर सर पायरीवर पातेलं घेऊन बसले होते. तळाशी पेलाभर पाणी उरलं होतं, सात विहिरींचं. कुठं परत करायचं ते त्यांना सुचेना. मंजुळा घागर भरून घेऊन चालली होती, ती थांबली.

“ऱ्हाऊ द्या सर तठेच,” ती म्हणाली. “ऊन शे. आपलं आपन घर जाई.”

सरांनी पातेलं पायरीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाताला धरून नेऊन ते कोरडं पातेलं दाखवलं. “पंडितजी, घामाचंही जमलं,” ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.

पुढे वडील गेल्यावर ते नोकरी सोडून धुळ्याला परतले. जाताना म्हणाले, “या हो एकदा.” मी येतो म्हणालो. पत्रं यायची. प्रत्येक पत्रात “या,” आणि माझ्या प्रत्येक उत्तरात “येतो.” दीड तासाचा रस्ता. चार वर्षं मी येतो येतो म्हणत राहिलो, आणि शेवटी गेलो तो ते गेल्यावर दहाव्या दिवशी.

त्यांच्या सूनबाईंनी मला त्यांची खोली दाखवली. खिडकीत बाटल्यांची रांग होती. चिठ्ठ्या शाबूत, बुचं काढलेली, सगळ्या कोरड्या. एकीला मात्र बूच होतं आणि ती गळ्यापर्यंत भरलेली होती. चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात आमच्या शाळेच्या विहिरीचं नाव होतं.

“ही तेवढी कोणाला उघडू दिली नाही,” सूनबाई म्हणाल्या. “म्हणायचे, हिला न्यायला पंडितजी येणार आहेत.”

बाटली मांडीवर घेऊन मी एसटीनं परत आलो. कंडक्टरनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. विहिरीला आता भरपूर पाणी आहे. कठड्यावर बसून मी बूच काढलं, पण ओतायचा धीर झाला नाही. मग बाटली तशीच कठड्यावर ठेवली आणि शेजारी बसून राहिलो. ऊन होतं. मला कुठं जायचं नव्हतं.