वापरात असलेला ळ

‘मेंढरं मालावर चरतात.’ कागदावर असे छापलेले होते. आक्कांनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि विचारले, "बाई, मालावर कशी चरत्याल? माल म्हंजी बाजारातलं सामान. आमची मेंढरं माळावर चरत्यात."

आक्का म्हणजे माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांची थोरली बहीण. साताऱ्याच्या शाळेत हे सर मराठी शिकवीत आणि मी संगणक. निवृत्तीनंतर मी सांगलीला विश्रामबागेत राहायला आले आणि ते म्हसवडजवळच्या आपल्या गावी परतले. त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या मेंढरे राखली. मेंढरू, लोकर, गवत, आभाळ यांविषयीचे आक्कांचे सारे शब्द एकत्र करून कोश छापायचा, हे काम त्यांनी हाती घेतले होते. आक्का सांगत आणि ते टंकलिखित करीत. आक्कांची अट एकच होती : छापण्याआधी सगळे आपण स्वतः वाचणार. पन्नाशी उलटल्यावर त्या प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. आता एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसरा मंदावत चालला होता. वाचायचे ते लवकर वाचायला हवे होते.

सरांचा संगणक शाळेने मोडीत काढलेला, वीस वर्षांपूर्वीच्या प्रणालीवर चालणारा. बोटांना त्याचीच सवय, म्हणून नवा त्यांनी घेतला नाही. अक्षरांचे आकार ज्या फाइलीत साठवलेले असतात तिला फॉन्ट म्हणतात. एकदा काम चालू असताना वीज गेली आणि त्यांच्या मराठी फॉन्टची फाइल बिघडली. बाकीची अक्षरे शाबूत राहिली, परंतु ‘ळ’च्या जागी रिकामा चौकोन दिसू लागला.

शिकलेला माणूस असा चौकोन अंदाजाने ओलांडून पुढे जातो. आक्का अक्षर अन् अक्षर वाचत, त्यामुळे प्रत्येक चौकोनाशी त्या थांबत. बहिणीची अडचण दूर करावी म्हणून सरांनी एका आज्ञेने साऱ्या कोशातला ‘ळ’ काढून तिथे ‘ल’ घातला. जन्मभर मुलांच्या वह्यांतले ‘ल’ आणि ‘ळ’ तपासलेल्या माणसाने हे केले, आणि तेही मूळ प्रतीवरच. जुनी प्रत ठेवलेली नव्हती.

"लय शिकला, मास्तर झाला, आन ळ गिळून बसला," आक्का मला म्हणाल्या. "माजं समदं शबूद बोबडं केलं बगा ह्यानं."

"आक्के, चौकोनापेक्षा ल बरा असं वाटलं मला," सर म्हणाले.

"चौकोन बरा हुता रं. निदान हितं कायतरी न्हाई, एवढं तरी कळत हुतं."

हे वाक्य मी मनात टिपून ठेवले. लपलेल्या चुकीपेक्षा दिसणारी उणीव बरी, हे वर्गात इतक्या नेमकेपणाने मला कधी सांगता आले नव्हते.

सरांनी फोनवर हे सारे सांगितले, म्हणून मी त्यांच्या गावी आले होते आणि येताना त्याच फॉन्टची चांगली प्रत पेनड्राइव्हवर आणली होती. जुनी फाइल काढून तिच्या जागी नवी ठेवणे, एवढेच काम होते. पण काढू गेले की पडद्यावर इंग्रजीत नकार येई. आक्कांनी विचारले म्हणून सरांनी त्याचे भाषांतर केले, "ही फाइल दुसरी व्यक्ती किंवा दुसरा प्रोग्रॅम वापरत आहे, असं म्हणतोय."

"दुसरी कोन? घरात तर आमी दोघंच."

"तसं नाही गं."

"मग तूच वापरत आसशील चोरून."

मी सगळे प्रोग्रॅम बंद केले. तरी नकार तोच. कारण साधे होते. प्रणाली स्वतःच सुरू होताना फॉन्ट उघडते आणि बंद होईपर्यंत हातचा सोडत नाही. सरांना समजेल असे उदाहरण मी दिले. वर्गात मुले बसलेली असताना त्यांच्या खालची सतरंजी बदलता येत नाही. मुले आत येण्यापूर्वी, सकाळी वर्ग उघडताना ती बदलावी लागते. त्याप्रमाणे प्रणालीसाठी एक चिठ्ठी लिहून ठेवायची : पुढच्या वेळी सुरू होशील तेव्हा फॉन्ट उघडण्याआधी जुनी फाइल बाजूला कर आणि ही नवी तिच्या जागी ठेव. असे काम करणारा एक छोटा प्रोग्रॅम मी बरोबर आणला होता. त्याला जुन्या आणि नव्या फाइलीचा पत्ता दिला. तो पुन्हा तपासला, कारण पत्त्यातली एका अक्षराची चूक यंत्र माफ करत नाही.

"आता संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा," मी म्हणाले.

सरांचा हात खटक्यापाशी थांबला. "बाई, उठलाच नाही तर? गेल्या वेळी तीनदा प्रयत्न केल्यावर उठला होता."

त्यांची भीती खरी होती. साऱ्या कोशाची ती एकच प्रत. मी आधी ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, तिथे उघडून शेवटचे पान पाहिले, आणि मगच त्यांना मान हलवून खूण केली. पडदा काळा झाला. यंत्र घरघरले, थांबले, पुन्हा घरघरले. आक्कांनी पदराने चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ तो पुसत राहिल्या.

संगणक उठला. सरांनी कोऱ्या पानावर ‘माळ’ लिहिले. चौकोन आला नाही. आक्कांनी पडद्याजवळ जाऊन ‘ळ’वर बोट ठेवले. "हां. आलं बग माजं आक्शार."

फॉन्ट दुरुस्त झाला, पण कोशातले ‘ल’ तसेच होते. ते आज्ञेने परत बदलता येणार नव्हते, कारण बदललेले ‘ल’ आणि मुळातले ‘ल’ आता सारखेच दिसत होते. एकेक शब्द पाहणे एवढाच मार्ग उरला. मी अक्षरे मोठी केली आणि आक्का बोट धरून वाचू लागल्या. ‘जावल’ आले. कोकराच्या पहिल्या लोकरीला त्या जावळ म्हणतात. "ह्ये दुरुस्त कर." ‘लोकर’ आले. "ह्येला हात लावू नगं."

दुसऱ्या पानावर एक वाक्य होते : ‘उन्हाळ्याच्या अखेरीस म्हातारी मेंढी ओल धरते.’ उन्हाळ्यातला ळ मघाशीच जागेवर आला होता. ‘ओल’पाशी सरांची बोटे आपोआप कळफलकावर गेली. मेंढी ओळ धरते, म्हणजे रांगेत चालते. मलाही तेच वाटले.

"थांब," आक्का म्हणाल्या. "ओलच. ओळ न्हवं. भुईत कुटं ओल हाय त्ये तिला वासानं कळतं. ती तकडं तोंड धरून हुबी ऱ्हाती."

सरांनी बोटे उचलून घेतली. परतीची एसटी एव्हाना निघून गेली होती. मी खुर्ची थोडी मागे घेतली, म्हणजे खिडकीचा उजेड आक्कांच्या बाजूने पडेल. त्यांचे बोट तिसऱ्या ओळीवर सरकले.