भास्करची खिट्टी

भास्कर साळवे गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याचाच किस्सा रंगवत होतो. गारखेड्यात एका साखरपुड्याची जेवणं उरकली होती, आठ-दहा जण माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसले होते आणि मी हात उंचावून, बोटं नाजूक करून, रेकॉर्डवर सुई टेकवायचा अभिनय करत होतो. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. भास्करच्या मुलीचं, रमाचं नाव. मी फोन बंद केला. किस्सा शेवटाला आला होता आणि तोंडाशी आलेला हशा सोडवेना. 'खर्रर्र!' करत मी हात खाली आपटला, लोक खदखदून हसले, एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळं हसू गोळा करून मग मी मंडपाच्या कडेला गेलो आणि तिला फोन लावला... "काका, बाबा सकाळी गेले," रमा म्हणाली.

मी शहरातल्या कार्यक्रमांचं निवेदन करतो, म्हणजे बोलण्यावर जगतो. भास्कर वाळूजच्या एका कारखान्यात टर्नर होता आणि दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायचा, त्यातली पंधरा माझा उद्धार करणारी. आमची ओळखच भांडणातून झाली. छावणीच्या बाजारात एका जुन्या रेकॉर्डवर दोघांचा हात एकदमच पडला. "तुमच्याकडं वाजवायला काय आहे?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही." "मग सोडा की!" मी रेकॉर्ड सोडली आणि त्याच्या मागोमाग त्याच्या घरी चहाला गेलो. पुढची पंधरा वर्षं दर रविवारी जात राहिलो. वत्सलावहिनी दारातूनच ओरडायच्या, "आलं बघा तुमचं आकाशवाणी केंद्र!"

त्याच्याकडं दोन प्रकारच्या रेकॉर्डी होत्या. एक नेहमीच्या, तेहतीसच्या वेगानं सावकाश फिरणाऱ्या. दुसऱ्या सिल्लोडहून एका जुन्या घराच्या माळ्यावरून आणलेल्या, जाडजूड, अठ्ठ्याहत्तरच्या वेगानं गरगरणाऱ्या. दोन्हींची सुई वेगळी, सुईवरचा भार वेगळा. दरवेळी सुई बदलायची, भार बदलायचा, याला कंटाळून भास्करनं ठरवलं की एकाच यंत्राला सुईचे दोन हात बसवायचे. शहाबादी फरशीवर जुन्या दाराचं सागवान, त्यावर फिरती थाळी. उजवीकडचा हात नव्या रेकॉर्डींचा, बारीक सुईचा. मागच्या बाजूचा हात जुन्यांचा, जाड सुईचा आणि भारानं जड. मागच्या हाताचा पितळी खांब त्यानं स्वतः लेथवर काढला. तो हात बसवायला अख्खा उन्हाळा गेला. कागदावर रेघा आखून थाळीच्या मधल्या खिळ्यापासूनचं अंतर मोजायचं, सुई टेकवायची, केसभर चुकलं की खांब उखडून पुन्हा पहिल्यापासून. सुई तिरकी तर नाही ना, हे बघायला तिच्याखाली आरशाचा तुकडा ठेवायचा. भार तोलायला सोनाराचा काटा. मी खुर्चीवर बसून समालोचन करायचो. "आता साळवे श्वास रोखतात, प्रेक्षकांत शांतता..." तो मान वर न करता म्हणायचा, "दिल्या, तू लई बोलतोस. तुझ्या तोंडाचा भार कमी कर आधी."

वहिनी गेल्या त्याला वर्ष झालं त्या दिवशी त्यानं पंधरा-वीस माणसं दुपारी घरी बोलावली. वहिनी लग्नाआधी एका गायन पार्टीत होत्या आणि त्या पार्टीची एक रेकॉर्ड निघाली होती. तिसऱ्या गाण्यात बाकीच्या बायका थांबतात आणि एक ओळ वहिनी एकट्या म्हणतात. त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला होता... एक ओळ. भास्करनं रेकॉर्ड थाळीवर ठेवली, वेगाची खुंटी तेहतीसवर लावली आणि आणखी खुर्च्या आणायला शेजारी गेला. समोर माणसं बसलेली, यंत्र तयार, आणि मी मोकळा! आमच्या धंद्यात प्रेक्षकांना पाठ दाखवत नाहीत. म्हणून मी यंत्राच्या मागं जाऊन उभा राहिलो, लोकांकडं तोंड करून "मंडळी!" म्हणालो, आणि समोर जो हात आला तो उचलून तिसऱ्या गाण्यावर टेकवला. तो मागचा हात होता. जाड सुई, जड भार. खर्रर्र झालं तेव्हा दचकून मी तो ओढला आणि सुई गाण्यावरून आडवी फरफटत गेली.

भास्कर दारात दोन खुर्च्या घेऊन उभा होता. त्यानं त्या खाली ठेवल्या, जवळ येऊन हात जागेवर नेला आणि म्हणाला, "राहू दे." बस. त्याच्या वीस वाक्यांतलं एक.

मी माफी मागितली नाही. उद्या मागू म्हणालो, मग रविवारी, मग ते राहूनच गेलं आणि रविवारचं जाणंही सुटलं. त्याऐवजी मी त्याचा किस्सा केला. दोन हातांचं यंत्र, केस मोजणारा टर्नर आणि त्याच्या लाडक्या रेकॉर्डवर नांगर फिरवणारा मी. आठ वर्षं तो किस्सा लग्नांत, सत्कारांत, ट्रिपांत वाजला. लोक म्हणायचे, स्वतःवर हसायला मोठं मन लागतं. माझ्या किश्श्यात वत्सलावहिनी नव्हत्या. ते गाणं कुणाचं होतं, हे मी एकदाही सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर कोण हसलं असतं?

एकदा असाच सांगत असताना भास्कर शेवटच्या रांगेत दिसला. मी थांबलो नाही, उलट जरा जास्तच रंगवला. बाहेर पडताना तो म्हणाला, "यंत्राला एक काम केलंय. ये बघायला." मला वाटलं, ती ओरखडलेली रेकॉर्ड ऐकवणार. म्हणून गेलो नाही. पुन्हा दोनदा बोलावलं त्यानं, दोन्ही वेळा मला अचानक ताप आला.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या घरी गेलो. भास्करला पोचवायच्या दिवशी आठ शब्दांत निरोप घेऊन पळालो होतो, आता पळायला जागा नव्हती. रमानं यंत्रावरचं फडकं काढलं. थाळीवर तीच रेकॉर्ड, खुंटी तेहतीसवर. "काका, तुम्हीच लावा," ती म्हणाली आणि समोर बसली. मी सवयीनं तिच्याकडं तोंड करून यंत्राच्या मागं गेलो आणि समोरचा हात उचलायला लागलो. तो उचलेना. पुन्हा ओढला. जागचा हलला नाही. मी वाकून पाहिलं. हाताच्या बुडाशी करंगळीएवढी पितळी खिट्टी वर आलेली होती. रमानं वेगाची खुंटी अठ्ठ्याहत्तरवर फिरवली तशी खिट्टी आत गेली आणि उजव्या हाताखाली तशीच दुसरी वर आली.

"कधी केलं हे?"

"आईच्या वर्षाच्या कार्यक्रमानंतर महिन्याभरात. मी विचारलं, बाबा, तुम्हाला कशाला पाहिजे हे, तुम्ही कुठं चुकता? तर म्हणाले, माझ्यासाठी नाय. दिल्या परत येईल, त्याला हात लावल्याबिगर राहवणार नाय."

तिनं खुंटी पुन्हा तेहतीसवर आणली. मी यंत्राला वळसा घालून पुढं आलो, रमाकडं पाठ केली आणि उजवा हात टेकवला. तिसरं गाणं लागलं. बाकीच्या बायका थांबल्या आणि वहिनी आल्या... दर दोन सेकंदांना टक्, पुन्हा टक्, आणि मधल्या फटींतून त्यांची ती एक ओळ. मागच्या हाताची खिट्टी वरच होती. आठ वर्षं ती माझी वाट बघत होती, आणि मी गावभर हशे गोळा करत फिरत होतो.