शेंगदाण्याच्या लाडवाची परीक्षा

मुलांना स्वतःची अक्कल मोजायला शिकवणारा जामखेड तालुक्यातला पहिला गुरुजी मी. माझ्यानंतर कोणी तो नाद केल्याचं ऐकिवात नाही.

बाहत्तर सालची गोष्ट. खर्ड्याच्या अलीकडच्या एका शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. (त्यात आमची कन्या सुमनही!) "दहा गणितांपैकी किती बरोबर येतील?" असं विचारलं, की सगळे ओरडत, "धा!" आणि यायची तीन. आपल्याला किती येतं हे मुलांना मुळी कळतच नव्हतं. मग मी जाहीर केलं, "पाटीच्या कोपऱ्यात आधी अंदाज लिहायचा. ज्याचा खरा ठरेल, त्याला शेंगदाण्याचा लाडू!"

"अहो, दुष्काळात अठ्ठावीस लाडू?" बायको कडाडली.

"छे गं! चारच्या वर लागत नाहीत. लिहून देतो!"

तिने चार वळले. कारण लाडवाच्या परीक्षेच्या दिवशीच शाळा तपासणीला साहेब यायचे होते आणि त्यांच्या शेऱ्यावर आमची भिंगारची बदली अवलंबून होती. भिंगारला नळ होता! इथे पाणी मैलभर लांब. बायको तीन वर्षं त्या नळाच्या आशेवर जगत होती.

साहेब खुर्चीत बसले. "काय गुरुजी, किती येतील मुलांना?"

"दहापैकी आठ कुठे गेली नाहीत, साहेब!"

गणितं घातली. मी पहिली पाटी उचलली. कोपऱ्यात शून्य, खाली कोरी. दुसरी तशीच. तिसरीही!

"अरे गण्या, एकसुद्धा सोडवलं नाहीस?"

"सोडवलं आन् बरुबर आलं मंजी, गुरुजी? लाडू जायाचा की!"

"ही अक्कल कुणाची?"

सत्तावीस बोटं सुमनकडे वळली.

"मीच सांगितलं, दादा," ती अभिमानाने म्हणाली. "शून्याचा अंदाज कध्धी चुकत नाही!"

साहेब पोट धरून हसले, एक लाडू उचलला आणि शेरेबुकात लिहिलं : 'मुलांचा अंदाज अचूक. गुरुजींचा आठाने चुकला. त्यांना या वर्गाकडून शिकण्यासारखं बरंच आहे. बदलीची घाई नको.'

उरलेल्या तीन लाडवांचे अठ्ठावीस तुकडे करून मुलांना वाटले आणि घरी येऊन बायकोला शेरा सांगितला. मला फार वाईट वाटलं. मग बायकोने रिकामा हंडा माझ्या हातात दिला.

"पिंप भरायला किती खेपा लागतील, ते आधी सांगून जा."

"दोन!" मी ठासून म्हणालो.

सात लागल्या!