व्यंकटरावांचा राग परत आणून द्या

“मॅडम, ह्यांचा राग परत आणून द्या,” सुमनकाकू म्हणाल्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बीडच्या एका हॉस्पिटलात अठरा वर्षं काम करते. कुणी गुडघा वाकवून मागतं, कुणी खांदा वर नेऊन. राग कुणी मागितला नव्हता.

काकूंचे यजमान व्यंकटराव युसूफ वडगावचे शेतकरी. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं, त्याला ओरखडाही आला नाही. तीन महिन्यांत ते चालायला लागले. पण स्वभाव पार बदलला. पूर्वी त्यांच्या गाडीचा आवाज आला की घरातला टीव्ही बंद व्हायचा. आता ते दिवसभर हसायचे, रस्त्यावरच्या कुणालाही चहाला घरात आणायचे आणि मनात येईल ते बोलून टाकायचे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी वजन विचारलं. मी सांगितलं, तर म्हणाले, “काटा खराब असंल.”

मी आमच्या सर्जन सरांना विचारलं. ते म्हणाले, फ्रंटल लोबला, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला इजा आहे. मनात आलेलं सगळं आपण बोलत नाही, ते हा भाग अडवतो. यांचा तो ब्रेक ढिला झालाय. “सुधारेल. पण पूर्वीसारखाच होईल असं कबूल करू नका,” सर म्हणाले.

काकूंना मी हे समजावलं. मग खरी गोष्ट निघाली. नणंदेच्या, कमलताईंच्या सासऱ्यांचं तेरावं होतं. महाराजांचं प्रवचन लांबलं, तेव्हा व्यंकटराव भर मांडवात म्हणाले, “महाराज, आवरा, वरण थंड व्हायलंय.” मांडव हसला. कमलताईंनी बोलणं टाकलं. तेव्हापासून काकू फाटकाला कुलूप लावत होत्या.

“तीस वर्षं मी ह्यांना भ्याले. आता ह्यांच्यासाठी लोकांना भ्यायची पाळी आली,” त्या म्हणाल्या.

मी कुलूप काढायला सांगितलं. कोंडलेला माणूस काहीच पुन्हा शिकत नाही. चारचौघांत वाद घालायचा नाही, हसायचं नाही, ते भलतं बोलू लागले की काकूंनी फक्त एक खूण करायची. आम्ही ठरवलं, मनगटावर दोनदा बोट टेकवायचं. सरावासाठी त्यांना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर नेलं. शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्याच्या मिशीकडे ते बघायला लागले. काकू घाबरल्या आणि बोट टेकवायच्या ऐवजी त्यांनी चिमटा काढला.

“चिमटा कावून काढायलीस?” अख्ख्या ढाब्याला ऐकू गेलं.

माझी खूण तिथेच संपली. उपाय काकूंनी शोधला. पुढच्या वेळी त्यांनी नवऱ्याच्या हातावर बडीशेप ठेवली. चावायला मिनिटभर लागतं, तेवढ्यात मनातला विषय निघून जातो. गिळायला त्रास नाही ना, हे मी तपासलं आणि फाइलमध्ये ‘बडीशेप, गरजेनुसार’ असं लिहिलं. सर ते वाचून चष्मा पुसत बसले.

मग काकू नवऱ्याला घेऊन कमलताईंकडे गेल्या. स्कॅनची फिल्म सोबत नेली, उजेडाकडे धरून मार कुठं लागला ते दाखवलं. कमलताईंनी तिकडे पाहिलंही नाही. व्यंकटराव एकाएकी म्हणाले, “कमळे, तुला शाळेतून मी काढलं. चुकलं माझं.”

ताई रडायला लागल्या. तोवर पुढचं वाक्य आलंच, “नवरा बी चांगला पाहिला न्हाई.”

बडीशेप पोचायला उशीर झाला होता. पण ताई रडता रडता हसल्या आणि चहा टाकायला उठल्या. शेजारीच बसलेला त्यांचा नवरा म्हणाला, साखर कमी टाक.

ही हकीकत सांगताना काकू म्हणाल्या, “तो ब्रेक थोडा ढिलाच राहू द्या.”

व्यंकटराव आता आठवड्याचा बाजार स्वतः करतात, काकू दोन पावलं मागे असतात. पेशंट घरी सोडताना आम्ही गोळ्या किती, टाके कधी, हे सगळं कागदावर लिहून देतो. घरी येणारा माणूस थोडा निराळा असेल, हे कुठंच लिहिलेलं नसतं. ते मी आता तोंडी सांगते, आणि बायकोला खुर्चीवर बसवून सांगते.