नकाशात नसलेली विहीर

लोक आमच्याकडे जमीन मोजायला येतात आणि जाताना किस्से ठेवून जातात. पुण्याजवळ भूगावात माझं आणि सतीशचं खासगी मोजणीचं ऑफिस आहे. भिंतीवर मुळा नदीच्या खोऱ्याचा सत्तरेक वर्षांपूर्वीचा नकाशा लावलाय. ओढे, पायवाटा, विहिरी, सगळं बारीक खुणांनी दाखवलेलं. शोभेसाठी लावला होता, पण येणारा आधी त्यात आपली जागा शोधतो, आणि बहुतेकांचा चेहरा पडतो.

चांदे गावात फ्लॅट घेतलेलं आयटीतलं एक जोडपं आलं. नवऱ्याचं बोट बिल्डिंग शोधत निळ्या रेषेवर थांबलं. ओढा थेट त्यांच्या पार्किंगमधून जात होता.

"म्हणजे बेसमेंटमध्ये पाणी येतं ते..." त्यानं बोट उचललं.

बायको म्हणाली, "ब्रोशरमध्ये 'वॉटरफ्रंट' लिहिलं होतं. मला वाटलं, फेकतायत."

मेंढरं राखणाऱ्या हिराबाईंना तुटक रेषेची पायवाट दाखवली. वाट आता एका सोसायटीच्या आत गेलीय. "गेटवरचा वॉचमन हिंदीत इचारतो, कुणाला भेटायचंय," त्या म्हणाल्या. "म्हनलं, कुनाला न्हाई बाबा, पल्याड जायाचंय. त्यानं माझं नाव लिवून घेतलं आन् गेट लावलं."

मग एक बिल्डर प्लॉटिंगचा लेआउट घेऊन आला. कोपऱ्यावरच्या प्लॉटखाली नकाशात दफनभूमीची खूण निघाली.

"हे काढता येईल का?"

सतीश म्हणाला, "कागदावरून येईल. खालच्यांना कोण सांगणार?"

बिल्डर पाणीही न पिता गेला. काही दिवसांनी सुधारलेला लेआउट आला. त्या कोपऱ्यात लहान मुलांचा प्ले एरिया होता.

भरे गावचे नामदेवआबा वाटणीसाठी शेत मोजून घ्यायला आले होते. नकाशा त्यांच्या जन्माच्या सालचा आहे म्हटल्यावर जवळ सरकले. "मग आमची पणज्यानं खांदलेली इहीर दाव. मी रांगत हुतो, तवा आई तिच्यात पडून गेली. मागनं आज्यानं बुजवली."

मी त्यांचं शेत शोधलं. शेजारच्या मळ्यांत विहिरींचे निळे ठिपके होते. आबांच्या शेतात नव्हता. भिंग लावलं, तरी नव्हता.

"काढायची राहून गेली असेल, आबा."

आबांनी माझ्या हातातलं भिंग घेतलं. शेजारच्या विहिरी नावानिशी ओळखल्या. "एकबी काढायची राह्यली न्हाई," म्हणाले.

सतीशनं खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

"आजा मरंस्तवर त्या बुजवल्या जागी नांगर घालू देत न्हवता," आबा नकाशाकडं बघत म्हणाले. "म्हनायचा, इहीर खचंल."