जावयाने लावलेली वायर

आधी कबूल करा, हसायचं नाही. हसलात तरी हळू हसा, कारण आत स्वयंपाकघरात आमच्या सौभाग्यवती आहेत आणि हा किस्सा त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो. त्या बाहेर आल्या की माझ्या तोंडून काढून घेतात आणि मग माझी उरलीसुरली अब्रूही जाते.

आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींना भ्यालोय. साप, सासरे, पंचनामा, सगळ्यांना. पण लोखंडाच्या एका चपट्या डब्यासमोर बसून एसटी स्टँड किती लांब आहे याचा मी मनात हिशेब लावला, असं एकदाच झालं. तो डबा मीच पसंत केला होता, बोला आता!

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. मी धुळ्यात एका तंत्रनिकेतनात सर्व्हे शिकवायचो. सर्व्हे म्हणजे जमीनमोजणी. साखळी, खुंट्या, ऊन. पण आमच्या वर्गाशेजारी कॉम्प्युटरची खोली होती आणि तिला एसी होता. धुळ्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. तास संपला की मी तिथं जाऊन बसायचो. लग्न ठरवणाऱ्या मध्यस्थाने चोपड्याला जाऊन सांगितलं, ‘मुलगा दिवसभर कॉम्प्युटरजवळ बसतो.’ यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण सासरकडच्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि मीही तो दुरुस्त केला नाही. लग्न ठरत असताना कोण दुरुस्त करतं हो?

सासरे, म्हणजे आबा, चोपड्यातले केळीचे मोठे व्यापारी. आजूबाजूच्या मळ्यांतली केळी त्यांच्या वखारीवरून ट्रकने थेट दिल्लीपर्यंत जायची. गाडीचं काट्यावर वजन व्हायचं, मग बिल, मग बिल्टी. बिल्टी म्हणजे मालाचा वाहतुकीचा कागद. तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. आबांनी या सगळ्यासाठी चार कॉम्प्युटर घेतले होते. ते एकमेकांशी बोलावेत म्हणून मधे एक डबा लागतो, त्याला स्विच म्हणतात. तो कोणता घ्यायचा हे ठरायचं राहिलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वंदना, आमची मंडळी, माहेरी गेली होती. मी तिला आणायला गेलो तर ओट्यावर जळगावचा डीलर तीन डबे मांडून बसलेला. आबांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, “जावईबापू, तुम्ही सांगशात तेच लेवानं.”

झालं. डीलर मला विचारतोय, साहेब, शंभर एमबीपीएस लागेल ना? नेटवर्कचे वेगळे भाग पाडायचेत का? मी प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होतो आणि प्रत्येक प्रश्नानंतर पाणी मागत होतो. त्याने समजावलं ते एवढं: पहिला डबा साधा हब, स्वस्त. दुसरा साधा स्विच. तिसरा मॅनेज्ड स्विच, त्याला आतून सूचना देता येतात, कुठे काय चाललंय ते बघता येतं, चोवीस भोकं, वेग भन्नाट, आणि सोबत हे एवढं जाड इंग्रजी पुस्तक.

मी तिसरा घेतला. का? भीतीपोटी. स्वस्तातला घेतला आणि बंद पडला तर जावयाने चिंधीगिरी केली असं झालं असतं. जाड पुस्तकवाल्याशी वाद घालायची कुणाची छाती होणार नव्हती. आबांनी डबा उचलून पाहिला आणि एवढंच विचारलं, “चार कॉम्प्युटर, मंग इतला भोका कसाले शेतस?”

मी म्हणालो, धंदा वाढेल ना आबा. आबा खूश झाले. मला दरदरून घाम फुटला होता, पण तो उन्हाळ्यावर खपला.

डीलरने डबा बसवला, सूचना द्यायची पद्धत दाखवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीम रामदासभाऊंनी कॉम्प्युटर सुरू केला तर डब्यावरचा दिवा हिरवा व्हायच्या ऐवजी पिवळा. अर्धा मिनिट पिवळाच. तोवर कॉम्प्युटर म्हणतो, मला पुढचा कॉम्प्युटर दिसत नाही. अर्ध्या मिनिटाने हिरवा होई, मग सगळं ठीक. पण आबांना सकाळी सकाळी पिवळा दिवा म्हणजे अपशकुन वाटायला लागला. ते आधी दिव्याकडे बघायचे, मग माझ्याकडे.

मी पुस्तक उघडलं, वायर जोडली, इंग्रजी यादी पडद्यावर आली. तिच्यात एक कलम होतं, त्याच्यामुळे हा अर्धा मिनिट लागतो एवढं मला कळलं. ते कशासाठी आहे ते पुढच्या पानावर होतं. मी पुढचं पान वाचलं नाही. कलम बंद करून टाकलं. दिवा झटक्यात हिरवा! आबांनी मांडीवर थाप मारली, अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, आतून शिरा पाठवला. मी वंदनेकडे असं पाहिलं की काय विचारता.

त्याच उन्हाळ्यात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. आपल्याकडे या महिन्यात जावयाचा काय थाट असतो तुम्हाला सांगायला नको. जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला वाण द्यायचं, अनारसे खिलवायचे, तो म्हणेल त्याला हो म्हणायचं. आम्ही दोघं सकाळीच चोपड्याला पोचलो. वखारीसमोर केळीच्या गाड्या भरून उभ्या होत्या आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

अक्का म्हणाल्या, नव्या मशीनची पूजा जावयाच्या हातून राहिलीय, ती आज करून टाकू. मी हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, नारळ ठेवला. आता पुढे पाचवा कॉम्प्युटर येईल म्हणून डीलर एक जास्तीची वायर लावून गेला होता. तिचं एक टोक डब्यात आणि दुसरं मोकळं, ते नेमकं पूजेच्या ताटात लोळत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी जाणकारासारखं करणं भाग होतं. मी ते टोक उचललं, कुंकू पुसलं आणि शेजारच्या रिकाम्या भोकात टचकन बसवलं. मग आवाज जड करून म्हणालो, “हे असंच राहू द्या. याला कुणी हात लावायचा नाही.”

डबा एकदम उजळला. सगळे दिवे असे भराभरा लुकलुकायला लागले की अक्कांनी हात जोडले. रामदासभाऊ म्हणाले, काय स्पीड आलाय! मी नम्रपणे मान खाली घातली.

पाच मिनिटांत रामदासभाऊ परत आले. बिल उघडत नव्हतं. काट्यावरचा कॉम्प्युटर गोठला. मग बिल्टीचा. मग हिशेबाचा. चारही मुके झाले आणि डबा मात्र झगमगत बसला होता.

हाताने बिल्ट्या लिहा, असं तुम्ही म्हणाल. ड्रायव्हरही तेच म्हणत होते. पण बिल्टीची जुनी पुस्तकं आखाजीलाच रद्दीत गेली होती. कुणाच्या सल्ल्याने ते विचारू नका. शिवाय सकाळपासूनची सगळी वजनं काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये अडकलेली.

आबा बाहेर जाऊन एका गाडीच्या ताडपत्रीखाली हात घालून आले. केळीला आतून ऊब धरली की ती थांबत नाही, हे त्यांना हात लावूनच कळायचं. आत आले आणि हळूच म्हणाले, “दुपारलोंग गाड्या नही निंघन्यात तर बठ्ठा माल पिकी जाई.”

मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं हो! ओरडले नाहीत. त्यांनी माझ्यासाठी उसाचा रस मागवला.

खरा घाबरलो तो तिथून. कारण जसजसा गोंधळ वाढत गेला तसतसा माझा पाहुणचार वाढत गेला. चारही कॉम्प्युटर बंद करून चालू केले, काही झालं नाही, मला आमरस आला. वायरमनला बोलावून व्होल्टेज तपासलं, ठीक निघालं, मला शेव आली. अक्कांनी मीठ-मोहऱ्या आणून आधी मशीनची आणि मग माझी दृष्ट काढली. मी घास गिळत होतो आणि प्रत्येक घासाला वाटत होतं, हा या घरातला शेवटचा. दारात ड्रायव्हर जमले होते आणि आत डोकावून मला खाताना बघत होते.

मग रामदासभाऊंनी एकेक वायर काढून बघायला सुरुवात केली. पहिली काढली, लावली. दुसरी काढली, लावली. तिसरी, चौथी. माझ्या वायरीपाशी हात आला की तो जरा थांबायचा आणि अदबीने वळसा घालून पुढे जायचा. जावयाने लावलेली, त्यातून धोंड्याच्या महिन्यात, पूजेच्या वेळी लावलेली वायर! देवावरचं फूल उपटावं तशी कोण उपटणार? मला तर ती वायर असल्याचीच शुद्ध नव्हती. मी मनात नवस बोलत होतो. पद्मालयाच्या गणपतीला नारळ कबूल केला, मग पाच केले, मग अभिषेकावर आलो.

एवढ्यात वंदना जेवायला बोलवायला आली. पानं वाढली होती म्हणे. तिने माझा चेहरा पाहिला, आबांचा पाहिला आणि डब्यापाशी जाऊन वाकली.

“ही कुठून कुठं जाते?”

“तिला हात लावू नकोस,” मी म्हणालो.

“का?”

आता का, याला माझ्याकडे उत्तर असतं तर मी सर्व्हे कशाला शिकवला असता? ती बोटाने वायर धरून निघाली, एका भोकातून निघाली आणि शेजारच्या भोकात पोचली.

“अहो, हिची दोन्ही टोकं याच डब्यात आहेत. ही कुणाशीच जोडलेली नाही.”

रामदासभाऊ छताकडे बघायला लागले. मी विचारलं, तुमच्या लक्षात आलं होतं का? ते म्हणाले, “सकाळीच आलं होतं. पण तुम्ही मुद्दाम लावली असेल असं वाटलं. आणि जावईबापू, तुम्हाला कसं सांगणार?”

वंदनेने वायर उपटली. नवऱ्याने लावलेली गोष्ट उपटायला तिला कसला आला संकोच? दिव्यांचं पिसाटणं थांबलं, एकेक कॉम्प्युटर शुद्धीवर आला आणि प्रिंटर करकरायला लागला. बिल्ट्या निघाल्या, गाड्या एकामागे एक हलल्या. आबा शेवटची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत उन्हात उभे राहिले, मग आत येऊन टोपी काढली आणि डोळे मिटून बसले. मला त्या क्षणी इतकं रडू येत होतं की मी पटकन हात धुवायला गेलो.

पण अंगातली खुमखुमी जाते थोडीच? सगळं खापर डब्यावर फोडावं म्हणून मी जळगावला डीलरला फोन लावला आणि चांगला झापला. एवढा महागडा स्विच आणि एका वायरीने गार? डीलर शांतपणे म्हणाला, “साहेब, असं होऊच शकत नाही. वायरीची दोन्ही टोकं त्याच्यातच लावली तर निरोप आतल्या आत गरागरा फिरून सगळं तुंबतं, म्हणून तो ते ओळखतो आणि ते भोक बंद करतो. मॅनेज्ड घ्यायचा तो त्याच्यासाठीच. त्या तपासणीलाच सकाळी अर्धा मिनिट पिवळा दिवा लागतो. ते कलम कुणी बंद केलं नाही ना?”

मी म्हणालो, हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये. आणि फोन ठेवला. वळलो तर मागे वंदना उभी.

तिने आबांना काही सांगितलं नाही, निदान माझ्यासमोर तरी. वाण मिळालं, अनारसे मिळाले, आम्ही धुळ्याला परतलो. मला वाटलं, मिटलं.

आठवड्याभराने फोन वाजला. आबा! मी खुर्चीवरून उभा राहिलो. पण आबांचा आवाज अगदी साखरेचा. “नमस्कार जावईबापू. तब्येत बरी शे ना? उन्हमा फिरू नका.” मग जरा घुटमळून म्हणाले, “ऑफिसमा कॉम्प्युटरनी थोडी अडचण व्हयनी.”

माझी मान आपोआप ताठ झाली. म्हणजे अजून भरवसा आहे तर! जाड पुस्तक मी सोबतच आणलं होतं, ते ओढलं, चष्मा चढवला आणि म्हणालो, “बोला आबा, सांगा काय झालं.”

“ताई घरमा शे का? जरा तिले फोन द्या.”

मी दिला. काय करणार? वंदनेने ओला हात पदराला पुसला, फोन कानाला लावला आणि सगळं ऐकून घ्यायच्या आधीच विचारलं, “आबा, पहिलं मला एक सांगा, यांनी त्याला कुठं हात लावला होता का?”