दोन नंबरचा रकाना

मी स्वतःला हुशार समजत होतो त्या दिवसांतली ही गोष्ट. म्हणजे फार जुनी नाही.

जबलपूरच्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी संगणकावर बसतो. जनुकाचा एकेक तुकडा यंत्राने किती वेळा वाचला, याला आम्ही कव्हरेज म्हणतो. एक्स गुणसूत्रं बाईत दोन असतात, पुरुषात एकच; म्हणून बाईच्या नमुन्यात त्यावरचा एखादा तुकडा निम्म्याच वेळा वाचला गेला, तर त्याची एक प्रत गायब आहे असं समजायचं. सॉफ्टवेअर दर नमुन्याची वेगळी फाइल देतं. त्या शेजारी शेजारी जोडून एक तक्ता करणं, हे माझं काम.

त्या खेपेला बारा नमुने होते. फायली जोडल्या आणि वरची नावं रजिस्टर बघून हातानेच टाकली, एक ते बारा. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या दीदी शेजारून म्हणाल्या, "फायलींतली नावं ताडून तर बघ एकदा."

"दीदी, बारापर्यंत येतं मला."

येत होतंच. पण संगणकाची मोजणी निराळी. त्याने एकच्या मागे दहा, अकरा, बारा लावले होते आणि मग दोन; म्हणजे माझी नावं भलत्याच रकान्यांवर बसली होती.

दोन नंबर म्हणजे जबलपुरातल्याच गोरखपूर भागातली एक शिक्षिका. तिचा भाऊ स्नायूंच्या आजाराने विशीच्या आत गेला होता. तो दोष आपल्यातून मुलांत उतरेल का, हे तिला लग्नाआधी कळायला हवं होतं. तिच्या रकान्यात सगळं पूर्ण दिसलं. डॉक्टरांनी माझ्या तक्त्यावर विसंबून सही केली. ती खोव्याची जलेबी घेऊन आली. मी तीन खाल्ल्या, वर सल्लाही दिला, "आता निश्चिंत राहा."

दोन दिवसांनी दीदी उरलेले अहवाल तपासत होत्या. "काहून रे, पाच नंबर तर पुरुष आहे ना? मग याचा एक्स बाईसारखा दुप्पट काहून दिसून राहिला?"

मी आधी यंत्राला नावं ठेवली. मग त्या रकान्याची मूळ फाइल उघडली. आत त्या शिक्षिकेचं नाव होतं. आणि एक तुकडा निम्मा होता.

तिला बोलावून रक्त पुन्हा घेतलं. या वेळी एकटीची फाइल, कशाला काही जोडलं नाही. तुकडा निम्माच निघाला.

सांगायचं डॉक्टरांनी होतं, पण माझी चूक मीच सांगितली. एरवी माझ्या फजितीला मी मीठमसाला लावतो. त्या दिवशी चार वाक्यांत संपली. ती म्हणाली, "भैया, मागच्या वेळीही तुम्ही असंच खात्रीनं बोलला होता."

"हो."

"माझं ज्याच्याशी लग्न ठरलंय, तो बाहेर बसला आहे. मी त्याला सांगून बसले, काही नाही म्हणून. आता आत बोलवा आणि तुम्हीच सांगा."

दारापर्यंत सात-आठ पावलं होती. मी त्याला आत आणलं आणि सगळं पुन्हा सांगितलं, जलेबीसकट. जलेबी कशाला सांगितली, देव जाणे. तो माझ्याकडे बघतच नव्हता. डॉक्टरांना त्याने विचारलं, "म्हणजे मूल होण्याआधी आम्हाला काय काय तपासता येईल?"

'आम्हाला' म्हणाला तो. तोवर कोरड्या डोळ्यांनी बसलेली ती, तेव्हा रडली.